फुटणाऱ्या पक्षाचा डॉक्टर

अहो, प्रबंधाला विषय निवडायचा तर मेलेला निवडावा. शंभर वर्षांपूर्वी बुडालेलं एखादं राज्य घ्यावं, मोडून गेलेला एखादा तह घ्यावा. तो बिचारा उठून तुमच्या लिखाणात लुडबुड तरी करत नाही! राज्यशास्त्र विभागातल्या आमच्या डॉक्टरला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही. त्यानं जिवंत विषय घेतला आणि तो त्याच्या मानगुटीवर बसला.

डॉक्टर हे अजून टोपणनावच होतं, पदवी मिळायची होती. विभागाचा शिपाई, कँटीनवाला, घरी ताई, सगळे त्याला याच नावानं हाक मारत. आधी कौतुकानं, मग सवयीनं. भावोजी तेवढे अलीकडे जरा कुचकटपणानं.

विषय होता एक छोटा पक्ष. दीड जिल्ह्यापलीकडे त्याला कुत्रं विचारत नव्हतं, म्हणूनच तर निवडला. छोटा पक्ष, छोटं काम, झटपट उरकेल! पण पक्ष निघाला महाद्वाड. प्रबंध पुरा होत आला की तो फुटायचा.

पहिल्यांदा फुटला तेव्हा मार्गदर्शक सर खूश झाले. "नशीबवान आहेस लेका! डोळ्यांदेखत फूट बघायला मिळतेय. एक प्रकरण वाढव." पुढे उपाध्यक्ष निम्मे कार्यकर्ते घेऊन चालता झाला. सर म्हणाले, "आता हे सोडून कसं चालेल?" त्यानंतर दोन्ही गट गळ्यात गळे घालून परत एक झाले आणि फुटीवर लिहिलेलं सगळं मुसळ केरात. त्या दिवशी डॉक्टर वाचनालयाच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला.

बरोबरीचे प्राध्यापक झाले. त्यांचे विद्यार्थी येऊन त्याच्या शेजारच्या टेबलांवर बसू लागले. हा आपला त्याच खुर्चीत, वर्तमानपत्रांच्या कात्रणांमागे. जीव नुसता घुसमटायचा. "सर सोडत नाहीत गं मला," तो ताईला सांगायचा. "त्यांनी एकदा हो म्हटलं की सुटलो."

ताई परिचारिका. तिच्या घराची मागची खोली इतकी वर्षं याच्याकडे होती, आणि तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. आता मात्र तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांना इकडे आणायचं होतं. नेमकी त्याच वेळी परगावच्या एका कॉलेजात नोकरी चालून आली, राहायला जागेसकट. प्राचार्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "शुक्रवारपर्यंत प्रबंध दाखल करा आणि रुजू व्हा. नाहीतर सोमवारी मी दुसऱ्याला बोलावतो."

"एवढं कर रे बाबा," ताई म्हणाली. "यांना तरी मी किती दिवस गप्प बसवू?"

गुरुवारी तो कंबर कसून सरांच्या खोलीत शिरला. काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. सरांनी शेवटची पानं चाळली आणि सही ठोकली.

"झालंय की. उद्या देऊन टाक. आणि मला परत दाखवू नकोस, मीही थकलोय रे."

घोकलेलं सगळं तोंडातच राहिलं. घरी येऊन त्यानं ताईला सांगितलं तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला.

शुक्रवारी बांधलेल्या प्रती काखोटीला मारून तो परीक्षा विभागाच्या रांगेत उभा राहिला. पुढे दोघंच होते. विभागाचा शिपाई काही कागद द्यायला तिथं आला होता, तो हसतच म्हणाला, "डॉक्टर, तुमचा पक्ष बुडाला हो! खुद्द अध्यक्षच सोडून गेले, बातमी आलीय आत्ता."

"मरू दे तिकडं!" डॉक्टर म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

पुढचा एक जण गेला. पण प्रबंधाचा अख्खा निष्कर्ष एकाच गोष्टीवर उभा होता: कितीही फुटी पडोत, हा अध्यक्ष पक्ष सोडणार नाही. आता ते वाचून लोक हसतील. कोण लोक? परीक्षक दोघं, तेही वरवर चाळणार. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी त्यानं वरची प्रत उघडून शेवटचं पान पाहिलं. तोवर पुढचा दुसराही गेला.

"द्या," कारकून म्हणाला.

त्यानं प्रती पुढे केल्या. कारकुनानं ओढल्या, पण याची बोटं सुटेनात.

"जरा... मागच्यांना घ्या तुम्ही," तो म्हणाला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. फक्त तो एक परिच्छेद दुरुस्त करू, म्हणून पेन काढलं. त्या परिच्छेदासाठी आधीचं प्रकरण हलवावं लागत होतं, त्याच्यासाठी त्याच्याही आधीचं. मान वर केली तेव्हा खिडकी बंद झाली होती.

ताईचा फोन आला. "दिलास ना रे?"

"ताई, निष्कर्षच चुकतोय गं सगळा. महिनाभर दे फक्त..."

"सरांनी अडवलं का?"

"नाही."

"मग कुणी?"

आजवर मनातल्या मनात सरांना शिव्या घालून तो दिवस काढत आला होता. आता शिवी घालायलाही कुणी उरलं नव्हतं.

"बरं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला सोसवेना. "तुझं सामान मी आज व्हरांड्यात काढून ठेवते. खाट सासूबाईंना लागेल."