आमचं सोलापुरी टार्टन

आमच्या कुळाची स्थापना दोन हजार सहा साली इंग्लंडातल्या मेडनहेडला, आमच्या किचनमध्ये, वरणाला फोडणी देता देता झाली. संस्थापक मी.

त्याचं असं झालं. माझे सासरे, नाना, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आमच्याकडे आले होते आणि पाच आठवड्यांतच कंटाळले होते. नानांना आयुष्यभर एकच नाद, घराण्याच्या कुलवृत्तांताचा. माणूस समोर आला की "मूळचे कुठले?" हा पहिला प्रश्न, आणि चहा संपेपर्यंत त्याच्याशी नातं काढून मोकळे! मेडनहेडमध्ये शेजारी "लव्हली डे!" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

"मिलिंद, माझं तिकीट अलीकडचं करून घे," एक दिवस नाना म्हणाले. "मी कुठला, कुणाचा, इथे कुणी विचारतसुद्धा नाही रे."

मिलिंद (माझा नवरा, वडिलांसमोर याच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ!) पोळीचा तुकडा मोडत बसला. सासूबाई गेल्यानंतर नाना पहिल्यांदाच आले होते. असे हिरमुसून गेले तर पुन्हा यायचे नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर. प्रॉब्लेम दिसला की मला प्लॅन सुचतो (हा आजार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं). स्कॉटलंडमध्ये कुळं, कुळांचे प्रमुख, त्यांचे किल्ले! नानांना आणखी काय हवं? मराठी मंडळातली माणसं गोळा करून आम्ही चौदा जण झालो, मिनीबस ठरवली आणि तिकडच्या डोंगरातल्या एका कुळाच्या केंद्राला फोन लावला. (कुळाचं नाव सांगत नाही. तिथे पुन्हा तोंड दाखवायचंय.)

"रविवारी आम्ही फक्त कुळांचे ग्रुप घेतो," फोनवरच्या मार्गारेटबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे एकाच कुळातले का?"

इकडे मोहरी करपत होती. आणि मंडळात तसे आम्ही एकमेकांना काका, मावशी, वहिनीच म्हणतो. मी ठोकून दिलं, "येस, येस, वन बिग फॅमिली!"

दोन दिवसांनी बाईंचा उलटा फोन. बॅगपाइप वाजवून स्वागत होणार! आमच्या कुळप्रमुखांनी पुढे येऊन आपल्या माणसांची ओळख करून द्यावी! आणि हो, आमचं टार्टन कोणतं? (प्रत्येक कुळाचं म्हणे चौकड्यांचं ठरलेलं कापड असतं.)

झालं! आमच्या हॉलमध्ये तातडीची मीटिंग आणि मिसळ.

"प्रमुख तर मीच ना बाप्पा," नागपूरचे देशपांडे म्हणाले. "मंडळाचा दोनदा अध्यक्ष होतो."

"अध्यक्ष कुणीबी हुतंय," कोल्हापूरच्या शिंदेवहिनी कडाडल्या. "आमच्या ह्यांचं आडनाव बघा की जरा!"

मी ट्रिपच्या आयोजकपदाचा राजीनामा दिला. कुणी स्वीकारला नाही. दुसऱ्यांदा दिला, तर देशपांड्यांनी आणखी पाव मागितले. शेवटी वयाने थोरले म्हणून नानांवर एकमत झालं. टार्टनचा प्रश्न मात्र चक्क मिलिंदने सोडवला. वर गेला आणि पलंगावरची सोलापुरी चादर घेऊन आला! मग कळलं, प्रत्येकाच्या घरी एक तरी आहेच.

"मी खोटं बोलणार नाही," नाना म्हणाले.

"अहो नाना, बोलूच नका ना. नुसते उभे राहा. बाकी मी मॅनेज करते."

"उभा राहीन. पण परत आल्यावर माझं तिकीट बदलायचं."

मी "हो" म्हटलं. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, तेच घालवून बसले.

शनिवारी निघालो. वाटेत मी किल्ला, धबधबा, बोट यांच्या वेळा जुळवत होते, आणि नाना प्रत्येक सीटवर जाऊन गप्पा मारत होते. मुक्कामाला बॅगा आणि डबे उतरवायला अर्थातच मी, कारण कल्पना माझी.

रविवारी भुरभुर पावसात बॅगपाइप सुरू झाला. खांद्यावर सोलापुरी चादर घेतलेले आम्ही चौदा जण रांगेत उभे. मार्गारेटबाई हसतमुखाने म्हणाल्या, "प्रमुखसाहेब, आपल्या माणसांविषयी सांगा."

नाना पुढे झाले. घसा खाकरला. आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, ही माझी माणसं नाहीत."

बॅगपाइप केविलवाणा आवाज काढून बंद पडला. मी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"आमचं कुळ एक नाही. सूनबाईंनी तुम्हाला चुकीचं सांगितलं," नाना पुढे म्हणाले. "हे देशपांडे मूळचे उमरेडचे. यांचे साडू माझ्या धाकट्या भावाच्या ऑफिसात होते. या शिंदेबाई, माहेर कऱ्हाडचं. यांच्या आत्याच्या दिरांनी माझ्या मेव्हण्याचं लग्न जमवलं..." असं करत करत त्यांनी सगळ्यांना एकमेकांत गुंफून टाकलं. मग म्हणाले, "खरं ते सांगितलं. आता परत जा म्हणालात तरी चालेल."

मार्गारेटबाई हसता हसता पायरीवर बसल्या. "अहो, आमच्यातले तरी सगळे कुठे रक्ताचे! ज्याने जमीन दिली, वाईट दिवसांत पोटाला दिलं, त्याचं आडनाव लावलं लोकांनी. तुमचं कुळ आमच्यापेक्षा पक्कं दिसतंय." आणि त्यांनी नानांना शेजारी जागा करून दिली. "बसा. तुम्ही स्वतः मूळचे कुठले?"

नानांचा चेहरा असा उजळला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मिलिंदने माझा हात घट्ट धरला.

ते दोघे उठले ते केंद्र बंद व्हायच्या वेळी. किल्ला, धबधबा, बोट, सगळं बुडालं. आमच्या ग्रुपने स्कॉटलंडमध्ये एक पायरी पाहिली.

परतीच्या वाटेवर मिलिंदने (हो, मिलिंदने!) विचारलं, "नाना, तिकिटाचं काय करायचं?"

"राहू दे," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्यांच्या कुळाचं संमेलन आहे पुढच्या महिन्यात. बाईंनी आपल्या सगळ्यांना बोलावलंय. आणि पूर्वी म्हणे प्रमुखाबरोबर त्याचे मानकरीही जायचे. मी नेमणुका करून टाकल्यात."

देशपांडे भाट झाले (बोलणं थांबत नाही म्हणून). शिंदेवहिनी अंगरक्षक झाल्या. मी सरसावून बसले. एवढा मोठा प्रोजेक्ट पार पाडला होता, निदान प्रधानकी तरी कुठे जात नव्हती!

"आणि मी, नाना?"

"तू सामान वाहायचंस, सूनबाई. फार मानाचं पद असतं म्हणे ते."

मी तिथल्या तिथे राजीनामा दिला.

"तसं चालत नाही," नाना म्हणाले. "मी विचारून घेतलंय. पद वंशपरंपरागत आहे."