इंग्रजीची संथा

भोजनोत्तर डाव्या कुशीवर पडलो आहे. डोळे मिटतात, ओठ मात्र मिटत नाहीत. आज तिसऱ्या प्रहरी माझी नात तारिणी मँचेस्टरहून येते आहे. तिची आई, माझी कन्या वसुधा, तिला येथे सोडून कामासाठी तशीच पुण्यास जाणार. तारिणीला मराठी येत नाही आणि मला इंग्रजी वाक्य शेवटास नेता येत नाही. नामापूर्वी ‘अ’ लावावा, ‘द’ लावावा की काहीच लावू नये, याचा निर्णय झाल्यावाचून माझी जीभ पुढे सरत नाही. चुकले की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. पाठशाळेत असेच शिकलो. एक स्वर ढळला तर सारे सूक्त आरंभापासून म्हणावयाचे. फोनवर पोर वाट पाहून थकते आणि फोन आईच्या हाती देते.

“अ ग्लास... द ग्लास...”

कोणीतरी मागून माझे मस्तक दोन्ही तळव्यांत धरते. तळव्यांना भस्माचा गंध आहे. मान खाली, मान वर, पुन्हा सरळ. आम्हांला स्वर असे शिकवीत ते आमचे गुरुजी, वेदमूर्ती नरहरशास्त्री मुळ्ये. त्यांनी देह ठेवल्याला अर्धे शतक लोटले आहे.

“कोणता वेद हा, विद्याधरा?”

“इंग्रजी आहे, गुरुजी.”

“मग डोलतोस कशाला, नंदीबैला?”

खरेच, ‘अ’ला माझी मान खाली जाते आहे, ‘द’ला वर. मला दुसरी रीत ठाऊकच नाही.

आम्ही पाठशाळेच्या ओसरीवर बसलो आहोत आणि ओसरी सरकते आहे. ती विमानतळावरचा सामानाचा पट्टा आहे. पेट्या येत आहेत. प्रथम दिसली ती ‘अ बॅग’. तीच फिरून आली की ‘द बॅग’. पण ही तीच का? की तिच्यासारखी दुसरी? मी ठरवीपर्यंत ती निघून जाते.

पेट्यांच्या मधोमध गुडघे पोटाशी घेऊन तारिणी बसली आहे.

“वॉटर, आजोबा?”

“देअर इज अ... द...”

पट्टा तिला नेतो. ती पुन्हा येते. ओठ कोरडे पडले आहेत. मी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. ती पुन्हा जाते. पुढच्या फेरीत तिच्या जागी केवळ तिचा एक बूट येतो.

“गुरुजी, सांगा ना! कोणते लावू?”

“मला विचारतोस? माझी इंग्रजी ‘येस’पाशी संपली.” गुरुजी नदीच्या पायरीवर वाकून गडू भरीत आहेत. पट्टा कोठेच नाही. “तो जर्मन पाहुणा आठवतो? उन्हातून लालबुंद होऊन आलेला?”

“आठवतो. ‘जलम्’ऐवजी ‘जलः ददातु’ म्हणाला होता. आम्ही सारे विद्यार्थी पोट धरून हसलो होतो.”

“आणि मी? त्याला शब्द चालवून दाखवला?”

“नाही. आपण गडू पुढे केलात.”

“घसा सुकला होता त्याचा.”

मला हे पटत नाही. “मग आम्हांला एका स्वरासाठी दिवसदिवस बसवून ठेवीत होतात, ते का?”

“ते देवाला ऐकवायचे होते,” गुरुजी म्हणतात. “त्याला कुठे तहान लागते?”

ते गडू माझ्याकडे करतात. मी ओंजळ पुढे नेतो, आणि मोटारीचा भोंगा वाजतो.

खोलीत ऊन आहे. फाटकाशी वसुधाचा आवाज येतो आणि त्यामागून एक बारीक, अनोळखी उच्चारांचा. माझ्या ओठांवर एक वाक्य आहे. त्यात काहीतरी चुकले आहे, हे मला ठाऊक आहे. मी ते तसेच राहू देतो.

पाय खाली सोडताना थबकतो. उशाशी फरशीवर गडूच्या बुडाएवढे ओले वर्तुळ आहे. या घरात पाणी स्वयंपाकघराबाहेर ठेवण्याची रीत नाही.

त्यावर पाऊल पडू नये म्हणून वळसा घालतो आणि पाणी घेण्यासाठी आत जातो.