परतीच्या वाटेतला छर्रा

मेस्त्री बसमध्ये बसला होता. तेही खिडकीशी, मांडीवर पिशवी घेऊन. ड्रायव्हर खाली चहाचा शेवटचा घोट घेत होता आणि तेवढ्यात फोन वाजला. नाव बघायची गरजच नव्हती. गेल्या सहा वर्षांत मेस्त्री या स्टँडवरून तीनदा असाच माघारी फिरला होता. ही चौथी खेप.

"मेस्त्री, कटर पुन्हा वरच अडकला!" पलीकडून भोंगा ओरडत होता. भोंगा म्हणजे डेअरीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. त्याला हळू बोलताच येत नाही, म्हणून हे नाव. फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी शेजारच्या प्रवाशाला सगळं ऐकू जातं. "मॅनेजरसाहेब इथेच उभे आहेत. तीनशे गाई दावणीला आणि हिरव्या चाऱ्याची काडी कापलेली नाही. ये बाबा लवकर!"

मेस्त्री उतरला. काय करणार? कंडक्टर म्हणाला, "काका, बसायचं नव्हतं तर चढलात कशाला?" मेस्त्री पिशवी छातीशी धरून डेअरीच्या वाटेला लागला. आज तरी जायलाच हवं होतं.

त्याला कारण होतं. मेस्त्रीची थोरली बहीण, ताई. आई लवकर गेली तेव्हा बारा वर्षांच्या त्या पोरीने चार वर्षांच्या या भावाला कडेवर घेऊन वाढवलं. घड्याळ, स्टोव्ह, शिलाई मशीन, दिसेल ते हा उघडून बसायचा, म्हणून ती त्याला खटपट्या म्हणायची. आता ताईच्या डोक्यातून माणसं एकेक करून पुसली जात होती. आधी शेजारीण गेली, मग जावई, मग पोटची मुलगी. मेस्त्रीची बायको महिनाभर तिच्याकडेच जाऊन राहिली होती. निघताना म्हणाली होती, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की त्या कटरशी, ते एकदा ठरवून टाका."

काल संध्याकाळी तिचाच फोन आला. "आज ताईंनी मला नावाने हाक मारली हो! खटपट्या कधी येतो, असं चारदा विचारलं. डॉक्टर म्हणतात, असे दिवस आता फार उरले नाहीत. उद्या या. नंतर येऊन तुम्ही नुसते पाहुणे."

आणि हा माणूस भर सकाळी पिशवी घेऊन उलट्या दिशेने चालला होता.

कटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे ओढायचं गवत कापायचं धूड. ट्रॅक्टरमधलं तेल दाबाने नळीतून जातं आणि कटर उचलला जातो. तेच तेल परत आलं की कटर खाली बसतो आणि कापायला लागतो. तेल परत आलंच नाही तर कटर अधांतरी राहतो. मग लिव्हर ओढा, शिव्या द्या, टायरला लाथा घाला, तो ढिम्म हलत नाही. मेस्त्री पोचला तेव्हा भोंग्याचं हे सगळं करून झालं होतं.

"आलात! सुटलो," मॅनेजर म्हणाला.

मेस्त्रीने पिशवी बांधावर ठेवली, सीटवर चढला, लिव्हर किंचित वरच्या बाजूला नेली आणि मग दोन बोटांनी, झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तशी, हळूहळू खाली सोडली. कटर गुमान खाली आला.

"हात आहे, हात!" मॅनेजर खूश झाला. "मेस्त्री, तुमच्यावाचून इथलं पान हलत नाही. आता आज नका जाऊ. परवा बघू." आणि मोटरसायकलला किक मारून गेलासुद्धा.

हात कसला डोंबलाचा! छर्रा होता तो.

अकरा वर्षांपूर्वी डेअरी नव्या मालकाकडे गेली आणि चारपैकी एकच मेस्त्री ठेवणार अशी बातमी फुटली. त्या आठवड्यात आपल्या मेस्त्रीने लेथवर नळीचा एक छोटा जोड बनवला आणि त्यात बेअरिंगमधला पोलादी छर्रा सोडला. लिव्हर हळू सोडली तर तेल छर्र्याच्या बाजूने निघून जायचं. झटक्यात सोडली तर छर्रा तेलाबरोबर धावत जाऊन तोंडाशी घट्ट बसायचा आणि परतीची वाट बंद. ड्रायव्हर लोक लिव्हर झटक्यानेच सोडतात, जगभर. बाकीच्या तिघांनी दोन दिवस घाम गाळला. नळ्या बदलल्या, फिल्टर बदलला, पंप खोलला. जोड बाहेरून इतका साधा होता की तो खोलून बघावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी हा आला आणि दोन बोटांनी कटर खाली ठेवला. तिघे घरी गेले. त्यातल्या एकाने याला पाना धरायला शिकवलं होतं.

महिन्याभरात छर्रा काढून टाकू, असं तेव्हा ठरवलं होतं. मग म्हणाला, दिवाळखोरीत निघालेली डेअरी जरा सावरू दे. मग म्हणाला, नवा मॅनेजर आलाय, त्याचा अंदाज घेऊ. बघता बघता अकरा वर्षं गेली, आणि ज्या छर्र्याने आपल्याला आत ठेवलं तोच आपल्याला बाहेर पडू देत नाही, हे कळायला त्यातली पहिली दोन पुरेशी होती. मेहुणे गेले तेव्हा हा सकाळी पोचला आणि दुपारी फोन आला म्हणून परत. ताई दारापर्यंत आली होती. "तिथे माझ्यावाचून पान हलत नाही गं," हा म्हणाला होता. थोडी लाज वाटली होती आणि, खोटं कशाला बोला, थोडी ऐटही.

आता तो कटरकडे बघत उभा राहिला. बारा वाजता दुसरी बस होती.

"कटर जरा वर घेऊन इंजिन बंद कर," तो भोंग्याला म्हणाला, "आणि लाकडी ठोकळे आण."

त्याने कटरखाली ठोकळे सरकवले, लिव्हर दोनदा पुढे-मागे करून नळीत उरलासुरला दाब जिरवला आणि जोडाला पाना लावला. भोंगा उकिडवा बसून बघत होता. भोंग्यासमोर काय थाप मारायची, ते मेस्त्री मनात जुळवत होता.

"छर्रा काढतोयस?" भोंग्याने विचारलं.

मेस्त्रीच्या हातातला पाना घसरला.

"तुला... कधीपासून?"

"झाली सहा वर्षं. एकदा पाठीत उसण भरली होती, झटका देववेना. हळू सोडली, तर कटर शहाण्यासारखा खाली. मग तू जेवायला गेलास तेव्हा जोड खोलला, बघितला आणि होता तसा लावून टाकला."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तू घरी! तू सुट्टीवर निघालास की साहेब इथे येऊन उभे राहतात. म्हणतात, बघू या, मेस्त्रीशिवाय कुठवर चालतंय. मग मी देतो झटका. कटर अडकला की तुला फोन."

"आजही?"

"आजही," भोंगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

मेस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. हा आपला दोस्त! याच्या डब्यातली भाजी आपण रोज खातो! त्याने पाना इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. "अरे गाढवा, माझी बहीण मला विसरत चाललीये तिकडे! आज पोचायचं होतं मला. चार वेळा तू मला बसमधून खाली ओढलंस. तुला वाटलं तरी काय?"

"मला काय माहीत, ताईंचं असं झालंय ते? तू तर म्हणालास, जरा बाहेर जाऊन येतो." भोंग्याचे डोळे भरले. "मला वाटलं, तुला हेच हवंय. छर्रा तूच घातलास ना रे?"

मेस्त्रीने पाना पुन्हा लावला. जोड सुटला, तेलाचा ओघळ मनगटापर्यंत आला आणि छर्रा तळहातावर पडला. वाटाण्याएवढा, एका बाजूने झिजलेला. त्याने तो फडक्यात पुसून खिशात टाकला, आत दुसरं काही राहिलं नाही ना ते बघितलं आणि जोड पुन्हा आवळला.

"आता दे झटका."

भोंग्याने इंजिन चालू केलं, कटर उचलला, ठोकळे काढले आणि लिव्हर खाडकन सोडली. कटर धाडकन खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. तेच.

"साहेबांना काय सांगू?"

"सांग, मेस्त्रीशिवाय चालतं."

बारा वाजताची बस वेळेवर सुटली. फोन वाजला नाही. मेस्त्री दर पाच मिनिटांनी तो खिशातून काढून बघत होता, बंद तर पडला नाही ना. बंद पडला नव्हता. नुसता गप्प होता. त्याला हायसं वाटायला हवं होतं आणि वाटत होतं रडावंसं.

ऊन उतरता उतरता तो पोचला. बायकोने दार उघडलं, त्याच्याकडे एकवार बघितलं आणि नजर वळवून पिशवी घेतली. तेवढ्यावरून तो समजायचं ते समजला.

"सकाळपर्यंत बऱ्या होत्या हो," ती आत जाता जाता हळूच म्हणाली. "दहाला केस विंचरून बसल्या होत्या, तुमच्यासाठी."

ताई खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. वेणी घट्ट घातलेली, साडी कडक इस्त्रीची. तिने मान वर केली आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाली, "या, बसा. कुठून आलात?"

"ताई, हे बघा तरी कोण आलंय," बायको म्हणाली. मेस्त्रीने तिला खुणेनेच थांबवलं आणि समोरच्या स्टुलावर बसला.

ताईचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. नखांच्या कडांना अजून तेल होतं.

"मेस्त्री दिसता," ती म्हणाली आणि तिचा चेहरा खुलला. "माझा भाऊही मेस्त्री आहे. असेच काळे हात. आज येणार होता हो. पण कसला येतोय! तिथे त्याच्यावाचून पान हलत नाही." हे सांगताना ती खुर्चीत ताठ झाली. अख्ख्या गल्लीला ऐकवावं अशा थाटात सांगत होती.

मेस्त्रीने खिशात हात घातला आणि छर्रा मुठीत आवळून धरला.

"तुम्ही त्याच धंद्यातले," ताई पुढे वाकून म्हणाली. "भेटला कुठे, तर त्याला एवढं सांगा. म्हणावं, ताई रागावलेली नाही. काम आधी."

"सांगतो," मेस्त्री म्हणाला.