कधीही या, न सांगता या

मंदीत सरकारला खर्च कमी करायचा होता, म्हणून कमी पटाच्या शाळा बंद होणार होत्या. त्यात आमच्या गावचीही होती. आई तिथे पोरांची खिचडी शिजवायची. मी शिक्षण खात्याच्या साहेबांसाठी पत्रक काढलं : 'कधीही या, न सांगता या, पोरं मोजा.' खाली माझी सही.

साहेब नेमके पोहरादेवीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी आले. आमची निम्म्याहून जास्त पोरं बंजारा तांड्यावरची, आणि अख्खा तांडा पहाटेच यात्रेला निघून गेला होता. पत्रक लिहिताना यात्रा माझ्या ध्यानातच आली नव्हती. वर्गात सात पोरं बसली होती.

गुरुजींनी मला व्हरांड्यात बोलावलं. "अंगणवाडीतले लेकरं आणून बसवू काय? कोन पाह्यते?"

"नाई गुरुजी. खोटं आपन नाई करायचं."

"मंग घे आता, छाप अजून पत्रकं!"

साहेबांनी कागद पुढे केला. "हजर सात. गावकरी म्हणून सही करा."

"बाकीचे यात्रेले गेले, हेही लिहा."

"कारणाला रकाना नाही."

मी सही केली आणि तिच्याखाली, कागद संपेपर्यंत, कारण लिहिलं. त्यांनी तो न वाचताच फाइलीत घातला.

गाडी गेल्यावर आईने पातेल्यावरचं झाकण काढलं. खिचडी सगळ्यांची शिजली होती.

"तुनंच बोलावलं ना त्याईले?" ती म्हणाली. "उद्या यात्रेची सुट्टी हाय. परवा हापीस उघडलं का जाय, अन् तुनं लिवलेलं त्याईच्या समोर वाचून दाखव."

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी वाशीमला, साहेबांच्या ऑफिसात गेले.