पांढरी नावाचं गाव

लोक मला पुरातत्त्वाचा डॉक्टर म्हणतात, आणि माझ्या हातून उत्खनन एकही झालेलं नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवण्यात हयात गेली. हे सगळं एका शब्दापायी झालं, आणि तो शब्द वहीत उतरवून घेणाऱ्या माझ्या मार्गदर्शकापायी.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात संशोधन करत होतो. कळमनुरी तालुक्यात, डोंगरकडा गावाजवळ माझ्या आत्याचं गाव. गावाच्या कडेला मोठं टेकाड होतं. पाऊस पडून गेला की त्यावर खापरं, मणी, जाड विटांचे तुकडे उघडे पडायचे. शिकल्यावर कळलं की त्या विटा सातवाहन काळातल्या आहेत. खाली अख्खी वस्ती गाडलेली असणार, आणि ती मला स्वतः उघडायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं माझं. म्हणून मोठ्या हौसेनं सरांना तिकडं घेऊन गेलो.

आत्या तिथंच भिंती सारवायला टोपलीत माती भरत होती. सरांनी विचारलं, "बाई, या जागेचं नाव काय?"

"ही व्हय? ही पांढरी. काहून इचारून राहिले?"

सरांनी लिहिलं, पांढरी. आता आमच्याकडं पिकाची जमीन ती काळी आणि माणसांच्या वस्तीची ती पांढरी. जुन्या वस्तीचं टेकाड राखेनं पांढुरकं होतं, तीही पांढरीच. गावोगावी असते. परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "सर, ते गावाचं नाव नाही."

सर हसले. "स्थळाचं नाव स्थानिकांच्या तोंडून घ्यावं, हे मीच शिकवलं ना तुम्हाला? आत्याबाई खऱ्या की तुम्ही?"

निबंध छापून आला. त्यावर नाव एकट्या सरांचं, आणि स्थळ 'पांढरी, तालुका कळमनुरी'. माझा प्रबंध त्यांच्याच हातात होता, तेव्हा मूग गिळून बसण्याखेरीज काय करणार होतो?

पुढं नोकरी लागल्यावर मी उत्खननाच्या परवानगीसाठी खेटे घालू लागलो. पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसातल्या बाबूनं कपाटातून कागद काढून दाखवले. "सर, पांढरी नावाचं गाव तालुक्यात न्हाई. अन् तुमी म्हणता त्या गावात स्थळाची नोंद न्हाई. आमचं दोन्ही बराबर हाये." त्याचं खरंच बरोबर होतं, म्हणून तर जास्त चीड येई. नव्या नोंदीला छापील आधार लागे, आणि छापलेलं होतं ते 'पांढरी'. अशी वर्षं गेली.

मग रस्त्याचं काम निघालं आणि भरावासाठी टेकाडाला जेसीबी लागला. आत्याच्या घरून फोन येताच धावत गेलो. अर्धी बाजू कापून झाली होती. विटांच्या भिंती सरळ उभ्या दिसत होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि डोळ्यांदेखत ट्रॅक्टरमध्ये जात होत्या. ठेकेदार म्हणाला, "थांबतो की. नोंद दाखवा."

नोंद कुठून दाखवणार? त्याच्यासमोरच सरांना फोन लावला. ते निवृत्त झाले होते, सत्कार घेत हिंडत होते. मी म्हणालो, "सर, एक ओळ लिहून द्या. पांढरी म्हणजे हेच गाव, एवढंच."

"अहो, त्या निबंधाचे दाखले परदेशात देतात. आता म्हणू की नाव चुकलं?"

"सर, टेकाड चाललंय!"

"जाऊ द्या हो. त्यात जे होतं ते मी लिहून ठेवलंय."

तिथं सरांनी एक फूटसुद्धा खणलं नव्हतं. जीपमधून उतरले, चार खापरं उचलली आणि जेवायच्या वेळेला परत गेले.

मी फोन बंद केला. ठेकेदारानं माझ्याकडं पाहिलं आणि जेसीबीवाल्याला 'चालू दे' म्हणून हात केला.