आष्टीची लाईट गेली आणि काटा सुटला

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं. तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं, आणि ती ऑपरेटर मुलगी तर नाहीच.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. मी नुकतीच उपनिरीक्षक होऊन जालना जिल्ह्यात रुजू झाले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव अबोल. ठाण्यातले जुने हवालदार म्हणायचे, "मॅडम, आरोपीला तरी बोलू द्या, का दोघांनीबी गपच बसायचं?"

उसाचा हंगाम ऐन भरात होता. हद्दीतल्या एका साखर कारखान्याचे मॅनेजर तक्रारी अर्ज घेऊन आले. वजनकाट्याचं काम ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालायचं, तो दिवसातून केव्हाही अडकून बसत होता. कुठलासा परका प्रोग्राम सुरू व्हायचा, सगळी ताकद खायचा आणि काटा थांबायचा. फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची, ऊस उन्हात सुकायचा, वजन घटायचं.

"घरचाच भेदी आहे," मॅनेजर म्हणाले. "ज्या खात्यातून हा प्रोग्राम सुरू होतो, त्याचा पासवर्ड ऑफिसात फक्त ऑपरेटरला माहीत. मी काट्यावर सगळ्यांसमोर विचारलं तिला. नुसती रडते. आत घ्या तिला."

त्याच दिवशी खबऱ्याकडूनही कळलं. "मॅडम, तिच्या भावाचा परतूरला नेट कॅफे हाय. बहीण हिकडं, भाऊ तिकडं. आता तुम्हीच समजून घ्या."

भावाला बोलावलं. बिचारा घामाघूम झाला. "मॅडम, माझ्याकडं पोरं दहावीचा रिझल्ट बघायला येतात. तो बघायलाच मशीनला अर्धा घंटा लागतो. मी कारखाना काय बंद करतो?" हवालदार तोंड फिरवून हसले.

मग मी मुलीचा जबाब घ्यायला कारखान्यात गेले. मी गप्प बसले की समोरचा माणूस बोलू लागतो, हे मला तोवर कळलं होतं. थोड्या वेळानं ती बोलली.

"नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण माझा निकाह ठरलाय. पोलीस घेऊन गेले हे एकदा फिरलं, की मंग खरं काय ते कोण पुसतं?"

तिनं मला कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. तो प्रोग्राम काट्याच्या खोलीतून सुरू केलेलाच नव्हता. कुणीतरी बाहेरून एसएसएचनं येत होतं. म्हणजे माणूस आपल्या घरी बसून कळा दाबतो आणि काम दूरचं मशीन करतं. मधलं सगळं बोलणं कुलूपबंद.

"बाहेरून कसं येईल?" मॅनेजर म्हणाले. "दारावर वॉचमन आहे!"

तिनं ते खातंच बंद करायचं सुचवलं होतं; पण मशीन बसवणारा इंजिनिअर परदेशी गेला होता आणि त्याच्या मागे कशाला हात लावायचा नाही, असा मॅनेजरांचा हुकूम होता. ही जोडणी कुठून येते हे विचारायला इंटरनेट कंपनीला आम्ही पत्र पाठवलं. उत्तर येईपर्यंत हंगाम संपला असता.

मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. प्रोग्राम सुरू झाला, काटा अडकला. मग अचानक प्रोग्राम थांबला.

"गेला," ती घाबरून म्हणाली. "मी काही केलं न्हाई, मॅडम."

"दरवेळी असाच थांबतो?"

"हो. काम अर्धवट टाकून. तिकडची जोडणी तुटली की इकडचा प्रोग्रामही मरतो."

जोडणी रोज अशी मधेच का तुटावी? आमच्या क्वार्टरमध्ये मी हिटरवर चहासुद्धा लोडशेडिंगची वेळ बघून टाकत असे. "तिकडे लाईट जात असेल," मी म्हणाले.

मॅनेजर चकित झाले. "लाईट? लाईट कशी जाईल?"

कारखाना चिपाडावर स्वतःची वीज करत होता. हंगामात तिथे दिवा कधी विझतच नसे, आणि बाकी जिल्हा अंधारात बसतो हे तिथल्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आत्ता लाईट कुठली गेली, हे मी वायरलेसवरून आमच्या हद्दीतल्या सगळ्या चौक्यांना विचारलं. उत्तर आलं, "आष्टीची आत्ताच गेली, मॅडम." पुढच्या आठवड्यात आष्टीची वेळ बदलली. प्रोग्राम मरायची वेळही बदलली.

आष्टीचे बीट हवालदार म्हणाले, "फोन अन् कॉम्प्युटर दोन्ही असलेलं घर एकच. गणिताचे रिटायर सर."

सर ओट्यावर बसले होते. "या, या. लाईट गेलीय, रिकामाच बसलोय."

विचारलं तर काही लपवलं नाही. तो इंजिनिअर त्यांचाच विद्यार्थी. मशीन मोकळंच असतं असं सांगून त्यानं खातं वापरायला दिलेलं. बुद्धिबळाच्या घोड्यानं प्रत्येक घरात एकदाच जात सगळा पट किती प्रकारे फिरावा, हे ते मोजत होते. त्यांचा कॉम्प्युटर त्याला पुरत नव्हता. आपल्या घोड्यापायी बैलगाड्या अडल्या आहेत, हे त्यांना माहीतच नव्हतं. एका मुलीवर आळ आलाय म्हटल्यावर ते उठले आणि अनवाणीच जीपमध्ये बसले.

कारखान्यात तिच्यासमोर त्यांनी हात जोडले. मग न राहवून दुखणंही सांगितलं. "लाईट गेली की पहिल्यापासून मोजावं लागतं, बेटा."

ती पहिल्यांदा हसली. "सर, कमांडच्या आधी एक शब्द लिहायचा असतो. मंग लाईट जाऊ द्या, तुम्ही झोपा, मशीन मोजत राहतं."

"आन् हे मला कुणीच सांगितलं न्हाई!" सरांनी कपाळावर हात मारला.

कुणी सांगितलं असतं, तर सर मला कधीच सापडले नसते.

वाईट हेतू नव्हता. मॅनेजरांनी अर्ज मागे घेतला, स्टेशन डायरीला नोंद झाली. हंगाम संपल्यावर सरांना मशीन द्यायचंही ठरलं. निघताना मॅनेजर मुलीला हळूच म्हणाले, "झालं गेलं विसर. उद्या नेहमीसारखी ये कामावर."

"साहेब, असं कानात नको," ती म्हणाली. "माझं नाव तुम्ही काट्यावर घेतलं होतं."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखी गप्प राहिले. शेवटी त्यांनी गाड्यांचे नंबर पुकारायचा माईक हातात घेतला आणि सांगितलं, की ऑपरेटर मॅडमची काही चूक नव्हती, चूक आमची होती.

रांगेच्या टोकावरून एक गाडीवान ओरडला, "ओ सायेब, मागं काहीच ऐकू आलं न्हाई! पुन्हा बोला!"

त्यांना पुन्हा बोलावं लागलं. शिट्ट्या वाजल्या. ती पदराआड हसत होती आणि डोळेही पुसत होती.

निर्दोष माणसाला नुसतं सोडून भागत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. पुढच्या नोकरीत अशा कुणालाही मी ठाण्याच्या मागच्या दारानं घरी पाठवलं नाही. दिवसाउजेडी मी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जीप उभी करायचे आणि हवालदारांना सांगायचे, "माझा आवाज लहान आहे. तुम्ही बोला, जरा मोठ्यानं."