साडूंचे पाण्यातले पाहुणे

उभ्या आंबेगाव तालुक्यात बदकांसाठी शेत बुडवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लोणीला त्यांचं एक खोलगट, चिबड वावर आहे. शहाणा माणूस चर खणून त्यातलं पाणी काढून देईल. आमचे साडू दिवाळी सरली की बांधाची मोरी बुजवून आहे तेही पाणी अडवतात. त्या गुडघाभर पाण्यात उत्तरेकडची बदकं उतरली की होळीपर्यंत तिकडे कुणाला शिंकायचीही सोय नसते. पांढरा सदरा घालून बांधावर जाणं म्हणजे तर गुन्हाच. ते रानातून घरी फोन करतात, "पावणं आलं!" चहा टाकण्याआधी माझी मेहुणी विचारून घेते, "चहा पिणारं का पंखाचं?"

पण खरी परीक्षा झाली ती त्यांच्या एकुलत्या लेकीच्या लग्नात. त्या साली बदकं आलीच नव्हती. साडू रोज रिकामं पाणी बघून परत यायचे, जेवणावरची वासनाच उडाली होती. आली ती नेमकी लग्नाच्या सकाळी, आणि अवसरी खुर्दहून आलेली वरात डीजेसकट त्याच बांधाच्या रस्त्यावर! साडू फेटा सावरत आडवे गेले आणि त्यांनी हात जोडले. व्याही भडकले, "पोराचं लगीन हाय का मयत? वाजवल्याबिगर आमी पुढं येनार न्हाई!"

साडूंनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि ते बाजूला झाले. "वाजवा राव. पोरीपरीस काय मोठं न्हाई."

तेवढ्यात घोड्यावर नवरदेवाचा मोबाईल वाजला. खबर मांडवात पोचली होती; तिकडून नवरीच बोलत होती. ऐकून तो खाली उतरला. "आबा, ती म्हनती, डीजे गावात वाजवू. हितं वाजला तर ती माळच घालायची न्हाई." आणि मुंडावळ्या सावरत तो चक्क वाकून चालू लागला. मागून सगळी वरात वाकली, शेवटी पुटपुटत व्याहीही. एकही बदक उडालं नाही. साडू फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसत होते.

फाल्गुनात मी गेलो तेव्हा पाहुणे परतले होते. मोरी उघडून पाणी सोडलं होतं, भुईमुगासाठी ट्रॅक्टर येऊन उभा होता.

"व्याही म्हनले, आमचंबी एक रान खोलगट हाय, येऊन बघून जावा," साडू हळूच म्हणाले.

ओल्या चिखलात बदकांच्या पावलांची नक्षी उमटली होती. ती बघत ते बराच वेळ उभे राहिले. मग ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. उद्या नांगरू."